प्रौढांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण अंदाजण्याची सूत्रे

व्यक्तीच्या एकूण वजनापैकी किती भाग मेदाचा, म्हणजेच चरबीचा आहे, हे टक्केवारीत सांगणाऱ्या आकड्यास शरीरमेद टक्केवारी असे म्हणतात. जिवंत माणसाच्या शरीरातील मेद वेगळा काढून त्याचे वजन करता येत नाही. त्यामुळे मेदाऐवजी दुसरी एखादी राशी मोजली जाते आणि सूत्राच्या साहाय्याने तिच्यावरून मेदाचा अंदाज बांधला जातो. शरीराची घनता, त्वचेच्या घडीची जाडी, कमरेचा व मानेचा घेर, उंची, वजन आणि वय या राशींचा त्यासाठी उपयोग होतो. एकाच व्यक्तीला वेगवेगळी सूत्रे लावली असता उत्तरांत पाच ते आठ टक्क्यांचा फरक सहज पडू शकतो. हा फरक आकडेमोडीतील चुकीमुळे पडत नाही. प्रत्येक सूत्रामागील गृहीतके वेगळी असतात आणि ज्या लोकसमूहाच्या मोजमापांवरून ते सूत्र बसवले गेले तो समूहही वेगळा असतो, हे त्याचे कारण आहे.

## पार्श्वभूमी

शरीराचे वजन मेद आणि मेदविरहित वस्तुमान अशा दोन भागांत विभागले जाते. मेदविरहित वस्तुमानात स्नायू, हाडे, पाणी आणि अवयव यांचा समावेश होतो. मेदाचा काही अंश जगण्यासाठी आवश्यक असतो. अस्थिमज्जा, मज्जासंस्था आणि अवयवांभोवतीचे आवरण यांत तो आढळतो. असा अत्यावश्यक मेद पुरुषांत सुमारे ३ टक्के, तर स्त्रियांत सुमारे १२ टक्के मानला जातो. स्त्रियांतील जादा अंश प्रजननक्षमतेशी निगडित आहे. म्हणूनच जवळपास सर्व सूत्रांत स्त्री व पुरुष यांच्यासाठी वेगळी पदे किंवा वेगळे स्थिरांक असतात.

केवळ वजनावरून मेदाविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे अमेरिकी नौदलातील वैद्यकीय अधिकारी अल्बर्ट बेंकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. त्यांनी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटूंच्या शरीराची घनता मोजली. उंची-वजनाच्या तत्कालीन तक्त्यांनुसार यांतील बरेच खेळाडू अतिवजनाचे व लष्करी सेवेस अपात्र ठरत होते. त्यांची घनता मात्र जास्त निघाली. म्हणजेच त्यांचे जादा वजन मुख्यतः स्नायूंचे होते. शरीराची घटकरचना मोजण्याच्या पुढील संशोधनाला या कामामुळे चालना मिळाली.

## घनतेवर आधारित सूत्रे

मेद पाण्यापेक्षा हलका असतो, तर स्नायू आणि हाडे पाण्यापेक्षा जड असतात. त्यामुळे शरीराची सरासरी घनता जितकी कमी, तितके मेदाचे प्रमाण जास्त असते. व्यक्तीचे हवेतील आणि पाण्याखालील वजन मोजून आर्किमिडीजच्या तत्त्वाने घनता काढली जाते. फुप्फुसांत उरलेल्या हवेचे आकारमान त्यातून वजा करावे लागते. सुमारे ७० किग्रॅ वजनाच्या व्यक्तीत या आकारमानात १०० मिलिलिटरची चूक झाली, तर उत्तरात सुमारे ०.७ टक्क्यांचा फरक पडतो.

घनतेवरून मेद काढण्याचे सर्वाधिक वापरले जाणारे सूत्र कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम सिरी यांनी मांडले:

मेद टक्के = (४९५ ÷ घनता) − ४५०

येथे घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर या एककात घेतली जाते. या सूत्रात मेदाची घनता ०.९०० आणि मेदविरहित वस्तुमानाची घनता १.१०० धरलेली आहे. ४९५ आणि ४५० हे आकडे या दोन मूल्यांवरूनच मिळतात.

योझेफ ब्रोझेक आणि मिनेसोटा विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दुसरे सूत्र दिले:

मेद टक्के = (४५७ ÷ घनता) − ४१४.२

शुद्ध मेद व मेदविरहित भाग यांच्याऐवजी ब्रोझेक यांनी ठराविक घटकरचनेचा एक 'संदर्भ पुरुष' कल्पून त्यापासून होणारे विचलन मोजले. मध्यम बांध्याच्या व्यक्तींमध्ये दोन्ही सूत्रांची उत्तरे जवळजवळ सारखी येतात. घनता १.०७० असता सिरी यांचे सूत्र १२.६ टक्के आणि ब्रोझेक यांचे सूत्र १२.९ टक्के मेद दाखवते. मेद वाढत जातो तसे अंतरही वाढते. घनता १.०२० असता हीच उत्तरे अनुक्रमे ३५.३ आणि ३३.८ टक्के येतात.

दोन्ही सूत्रांचे मूळ गृहीतक असे की, मेदविरहित वस्तुमानाची घनता सर्व माणसांत सारखीच असते. हे मूल्य प्राण्यांवरील प्रयोग आणि मोजक्या मृतदेहांचे रासायनिक विश्लेषण यांवरून ठरवले गेले होते. प्रत्यक्षात ही घनता बदलते. वृद्धापकाळी हाडांतील खनिजे कमी होतात, मेदविरहित भागाची घनता घटते आणि सूत्र मेद जास्त दाखवते. घट्ट हाडे व भरीव स्नायू असलेल्या खेळाडूंमध्ये याउलट घडते. शरीराची घनता १.१०० पेक्षा जास्त भरल्यास सिरी यांचे सूत्र ऋण उत्तर देते, जे वास्तवात अशक्य आहे. म्हणून संशोधनात मेद, पाणी, खनिजे आणि प्रथिने स्वतंत्रपणे विचारात घेणारे चार घटकांचे प्रतिमान अधिक विश्वसनीय मानले जाते.

## त्वचेच्या घडीवर आधारित सूत्रे

शरीरातील मेदाचा बराचसा भाग त्वचेखाली साठतो. त्वचेची घडी चिमटीत धरून तिची जाडी कॅलिपर या उपकरणाने मिलिमीटरमध्ये मोजली जाते. या जाडीवरून आधी घनतेचा अंदाज केला जातो आणि मग घनतेवरून मेद काढला जातो. म्हणजे या पद्धतीत अंदाजाचे दोन टप्पे असतात आणि घनतेच्या सूत्रातील दोष तिच्यातही उतरतो.

डर्निन-वोमर्स्ली सूत्र: ग्लासगो येथील संशोधक डर्निन आणि वोमर्स्ली यांनी १६ ते ७२ वर्षे वयाच्या ४८१ स्त्री-पुरुषांच्या मोजमापांवरून १९७४ मध्ये हे सूत्र प्रसिद्ध केले. दंडाची पुढची बाजू, दंडाची मागची बाजू, पाठीवर खांद्याच्या पात्याखाली आणि कमरेच्या हाडाच्या वर, अशा चार ठिकाणच्या घड्यांची बेरीज त्यासाठी घेतली जाते.

घनता = क − ख × लॉग(चार घड्यांची बेरीज)

लॉग म्हणजे १० पाया असलेला लॉगॅरिदम. क आणि ख हे स्थिरांक लिंग व वयोगट यांनुसार बदलतात. ४० ते ४९ वर्षांच्या पुरुषांसाठी ते अनुक्रमे १.१६२० व ०.०७००, तर ३० ते ३९ वर्षांच्या स्त्रियांसाठी १.१४२३ व ०.०६३२ आहेत. वयोगटाचा परिणाम मोठा आहे. चार घड्यांची बेरीज ५० मिमी असलेल्या पुरुषाचा मेद विशीत सुमारे १९ टक्के, चाळिशीत २४.६ टक्के आणि पन्नाशीनंतर सुमारे २६.४ टक्के निघतो. वय वाढते तसा मेदाचा मोठा वाटा त्वचेखाली न साठता पोटाच्या पोकळीत व स्नायूंमध्ये साठतो आणि तेथे कॅलिपर पोहोचत नाही. स्थिरांकांतील बदल ही उणीव भरून काढतो.

जॅक्सन-पोलॉक सूत्रे: जॅक्सन आणि पोलॉक यांनी १९७८ मध्ये पुरुषांसाठी, तर १९८० मध्ये वॉर्ड यांच्यासह स्त्रियांसाठी सूत्रे दिली. त्यांत वयोगटांचे तक्ते नसून वय थेट सूत्रात येते. पुरुषांसाठी छाती, पोट व मांडी येथील तीन घड्यांची बेरीज 'ब' मानल्यास:

घनता = १.१०९३८ − ०.०००८२६७ × ब + ०.०००००१६ × ब² − ०.०००२५७४ × वय

स्त्रियांसाठी दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडावरील भाग आणि मांडी येथील घड्यांची बेरीज घेतल्यास:

घनता = १.०९९४९२१ − ०.०००९९२९ × ब + ०.०००००२३ × ब² − ०.०००१३९२ × वय

व्यायामशाळा आणि क्रीडा प्रशिक्षण केंद्रांत ही सूत्रे विशेष प्रचलित आहेत. मात्र त्वचेची घडी धरण्याचे कौशल्य सरावानेच येते. दोन व्यक्तींनी एकाच माणसाची घेतलेली मापे वेगळी येऊ शकतात. अतिस्थूल व्यक्तींमध्ये पूर्ण घडी कॅलिपरच्या जबड्यात मावतही नाही.

## घेरांवर आधारित सूत्रे

अमेरिकी नौदलाचे सूत्र: हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ मध्ये अमेरिकी नौदलासाठी केवळ मोजपट्टीने वापरता येईल अशी पद्धत तयार केली. सर्व मापे सेंटिमीटरमध्ये घेतल्यास:

पुरुषांची घनता = १.०३२४ − ०.१९०७७ × लॉग(कंबर − मान) + ०.१५४५६ × लॉग(उंची)

स्त्रियांची घनता = १.२९५७९ − ०.३५००४ × लॉग(कंबर + नितंब − मान) + ०.२२१०० × लॉग(उंची)

मिळालेली घनता सिरी यांच्या सूत्रात घालून मेदाची टक्केवारी काढली जाते. मानेचा घेर येथे स्नायूंच्या बांध्याचा निदर्शक म्हणून वापरला आहे. कंबर सारखीच असूनही मान जाड असेल, तर मेद कमी निघतो. पुरुषांची कंबर बेंबीच्या पातळीवर, तर स्त्रियांची सर्वांत अरुंद भागावर मोजली जाते.

शरीर-अॅडिपॉसिटी निर्देशांक: बर्गमन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सुचवलेल्या या निर्देशांकात वजन लागत नाही:

मेद टक्के = नितंबांचा घेर (सेंमी) ÷ उंची (मीटर)^१.५ − १८

हे सूत्र मेक्सिकन वंशाच्या अमेरिकी नागरिकांच्या माहितीवरून बसवले गेले आणि आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी नागरिकांवर तपासले गेले. त्यात लिंगासाठी स्वतंत्र पद नाही. नितंबांच्या घेरातूनच तो फरक आपोआप व्यक्त होतो, असे त्यामागील गृहीतक आहे.

सापेक्ष मेद वस्तुमान: वूलकॉट आणि बर्गमन यांनी २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणातील माहितीवरून हे सूत्र मांडले. तुलनेसाठी त्यांनी घनतेऐवजी दुहेरी-ऊर्जा क्ष-किरण तपासणी, म्हणजेच डेक्सा, ही पद्धत वापरली.

पुरुष: मेद टक्के = ६४ − २० × (उंची ÷ कंबर)

स्त्रिया: मेद टक्के = ७६ − २० × (उंची ÷ कंबर)

सर्व सूत्रांत हे सर्वांत सोपे असून त्यात वय आणि वजन यांपैकी काहीच लागत नाही.

## उंची, वजन व वय यांवर आधारित सूत्रे

किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीर वस्तुमान निर्देशांक, म्हणजेच बीएमआय मिळतो. नेदरलँड्समधील ड्युरेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १,२२९ व्यक्तींच्या मोजमापांवरून १९९१ मध्ये प्रौढांसाठी पुढील सूत्र दिले:

मेद टक्के = १.२० × बीएमआय + ०.२३ × वय − १०.८ × लिंग − ५.४

लिंगाच्या जागी पुरुषासाठी १ आणि स्त्रीसाठी ० घालतात. बीएमआय तोच राहिला तरी दर दहा वर्षांनी मेद २.३ टक्क्यांनी वाढतो, असे हे सूत्र मानते. वयाबरोबर स्नायू झिजतात व त्यांची जागा मेद घेतो, हे त्याचे कारण होय. मोजपट्टी किंवा कॅलिपर नसतानाही हे सूत्र वापरता येते. परंतु एखाद्याचे वजन स्नायूंमुळे आहे की मेदामुळे, हे त्याला ओळखता येत नाही. बेंकी यांच्या अभ्यासातील फुटबॉलपटू या सूत्रानेही स्थूलच ठरले असते.

## एका उदाहरणावरून तुलना

खालील तक्त्यात दोन काल्पनिक व्यक्तींना पाच सूत्रे लावून दाखवली आहेत. पुरुषाचे वय ४० वर्षे, उंची १७० सेंमी, वजन ७२ किग्रॅ, कंबर ९० सेंमी, मान ३८ सेंमी, नितंब ९६ सेंमी आणि चार घड्यांची बेरीज ५० मिमी आहे. स्त्रीचे वय ३५ वर्षे, उंची १५६ सेंमी, वजन ५८ किग्रॅ, कंबर ८४ सेंमी, मान ३३ सेंमी, नितंब ९८ सेंमी आणि घड्यांची बेरीज ७० मिमी आहे. आकडेमोड सोपी राहावी म्हणून सर्व सूत्रांसाठी कमरेचे एकच माप धरले आहे.

| सूत्र | पुरुष (टक्के) | स्त्री (टक्के) |
|---|---|---|
| अमेरिकी नौदल | २१.५ | ३५.४ |
| ड्युरेनबर्ग (बीएमआय) | २२.९ | ३१.२ |
| डर्निन-वोमर्स्ली व सिरी | २४.६ | ३२.६ |
| शरीर-अॅडिपॉसिटी निर्देशांक | २५.३ | ३२.३ |
| सापेक्ष मेद वस्तुमान | २६.२ | ३८.९ |

पुरुषाच्या बाबतीत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उत्तरांत ४.७ टक्क्यांचे, म्हणजे सुमारे ३.४ किग्रॅ मेदाचे अंतर आहे. स्त्रीच्या बाबतीत हे अंतर ७.७ टक्के, म्हणजे सुमारे ४.५ किग्रॅ आहे. सूत्रांचा क्रमही दोघांमध्ये सारखा नाही. नौदलाचे सूत्र पुरुषासाठी सर्वांत कमी उत्तर देते, तर स्त्रीसाठी वरून दुसऱ्या क्रमांकाचे. त्यामुळे 'अमुक सूत्र नेहमी जास्त दाखवते' असा सरसकट नियम करता येत नाही.

## अंदाजातील त्रुटी

सूत्राची अचूकता अंदाजाच्या प्रमाण त्रुटीने व्यक्त केली जाते. ड्युरेनबर्ग यांच्या सूत्राची ही त्रुटी सुमारे ४ टक्के आहे. त्याचा अर्थ असा की, वरील पुरुषासाठी आलेले २२.९ टक्के हे उत्तर १९ ते २७ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते आणि सुमारे एकतृतीयांश व्यक्तींमध्ये खरे मूल्य या पट्ट्याच्याही बाहेर असते. त्वचेच्या घडीच्या पद्धतीत माप घेणारा कुशल असल्यास त्रुटी साधारणपणे ३.५ ते ४ टक्क्यांच्या आसपास राहते. उत्तर दशांश चिन्हापर्यंत मिळाले म्हणून ते तितके अचूक असते असे नाही.

मापातील लहान चुकांचा परिणामही प्रत्येक सूत्रात वेगळा होतो. वरील पुरुषाची कंबर ९० ऐवजी ९२ सेंमी भरली, तर नौदलाच्या सूत्राचे उत्तर १.४ टक्क्यांनी आणि सापेक्ष मेद वस्तुमानाचे ०.८ टक्क्यांनी वाढते. जेवणानंतर, श्वास आत घेतलेला असताना किंवा पट्टी तिरकी धरल्यास एवढा फरक सहज पडतो.

घरगुती वजनकाट्यांवर दिसणारी मेदाची टक्केवारी हीदेखील एका सूत्राचेच उत्तर असते. असा काटा शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अवरोध मोजतो, त्यावरून पाण्याचा आणि पाण्यावरून मेदाचा अंदाज करतो. पाणी पिणे, घाम येणे किंवा व्यायाम यांमुळे एकाच दिवसात त्याचे आकडे बदलू शकतात.

## भारतीयांच्या संदर्भात

प्रचलित सूत्रांपैकी बहुतेक युरोपीय व अमेरिकी लोकसमूहांवरून बसवलेली आहेत. दक्षिण आशियाई व्यक्तींमध्ये त्याच बीएमआयला मेदाचे प्रमाण सरासरीने अधिक आणि स्नायूंचे प्रमाण कमी आढळते. त्यामुळे बीएमआयवर आधारित सूत्रे भारतीयांचा मेद कमी दाखवण्याची शक्यता असते.

या फरकाचे एक प्रसिद्ध उदाहरण पुण्याशी संबंधित आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. डेक्सा तपासणीत मात्र यडकिन यांचा मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के निघाला. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या निरीक्षणाला 'वाय-वाय विरोधाभास' असे नाव मिळाले. वय समान धरल्यास बीएमआयचे कोणतेही सूत्र या दोघांना एकच उत्तर देईल. बारा टक्क्यांचा हा फरक त्याला दिसूच शकत नाही. बेंकी यांच्या खेळाडूंमध्ये वजन जास्त व मेद कमी होता. येथे वजन बेताचे असूनही मेद तुलनेने बराच अधिक होता.

या फरकाचा आरोग्याशी थेट संबंध आहे. बारीक दिसणाऱ्या भारतीय व्यक्तींमध्येही मधुमेह व हृदयविकाराचा धोका तुलनेने कमी बीएमआयपासून सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकसंख्येसाठी २३ आणि २७.५ हे बीएमआयचे अतिरिक्त कृतिबिंदू सुचवले. भारतातील तज्ज्ञांच्या २००९ मधील सहमतीनुसार २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता मानली जाते. तसेच पुरुषांत ९० सेंमी व स्त्रियांत ८० सेंमी कंबर ही धोक्याची पातळी समजली जाते. वरील उदाहरणातील पुरुषाचा बीएमआय २४.९ आणि स्त्रीचा २३.८ आहे. आंतरराष्ट्रीय निकषाने दोघांचेही वजन सामान्य ठरते, तर भारतीय निकषाने दोघेही अतिवजनाच्या गटात येतात आणि दोघांची कंबरही धोक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर आहे.

## सूत्राची निवड व मर्यादा

सूत्र निवडताना ते कोणत्या वयाच्या, लिंगाच्या व वंशाच्या व्यक्तींवरून बसवले आहे आणि आवश्यक मापे विश्वासाने घेता येतील का, हे पाहिले जाते. प्रशिक्षित व्यक्ती व चांगला कॅलिपर उपलब्ध असल्यास त्वचेच्या घडीची सूत्रे उपयुक्त ठरतात. केवळ मोजपट्टी असल्यास कमरेचा समावेश असलेली सूत्रे बीएमआयच्या सूत्रांपेक्षा अधिक माहिती देतात. मोठ्या लोकसमूहाच्या सरासरीसाठी बीएमआयची सूत्रे पुरेशी ठरू शकतात, कारण व्यक्तिगत त्रुटी सरासरीत बऱ्याच अंशी परस्परांना छेद देतात. मात्र समूह वेगळ्या वंशाचा असल्यास सर्व उत्तरे एकाच दिशेला झुकतात आणि ही चूक सरासरी काढूनही नाहीशी होत नाही.

एका व्यक्तीतील बदल काळानुसार पाहायचा असेल, तर दर वेळी तेच सूत्र, शक्यतो तीच माप घेणारी व्यक्ती आणि दिवसाची तीच वेळ ठेवणे आवश्यक असते. एका सूत्राच्या जुन्या उत्तराची दुसऱ्या सूत्राच्या नव्या उत्तराशी तुलना केल्यास दिसणारा बदल शरीरातील नसून सूत्रातील असू शकतो.

गर्भावस्था, शरीरावरील सूज, अवयवच्छेदन आणि तीव्र आजार या स्थितींत ही सूत्रे लागू पडत नाहीत. शरीरसौष्ठवपटू व अतिवृद्ध व्यक्ती यांच्या बाबतीत त्यांची उत्तरे सावधपणे घ्यावी लागतात. मेद शरीरात नेमका कोठे साठला आहे, हेही टक्केवारीवरून कळत नाही. पोटाच्या पोकळीतील मेद मांड्या व नितंबांवरील मेदापेक्षा अधिक घातक असतो. त्यामुळे वैद्यकीय तपासणीत मेदाच्या टक्केवारीसोबत कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तातील साखर आणि मेदद्रव्यांची पातळीही विचारात घेतली जाते.